माझे हात चालत होते, म्हणून सगळे खूश होते

ये गं लता, या कागदावर तरी अशी उंबऱ्यात उभी राहू नको. जवळ ये, मांडी घालून बस, आणि आधी माझी बोलणी खा.

परवा फोन केलास. ज्वारीवर चिकटा पडला ते सांगितलंस, नणंदेच्या पोरीचं जमलं ते सांगितलंस, म्हशीचं सांगितलंस. आणि ठेवता ठेवता बारीक आवाजात म्हणालीस, "मावशी, डॉक्टरनं मला उदासीची गोळी दिलीया. ती चालू केल्यापासनं लईच बेचैन व्हतंय. कुणाला बोलू नको." आणि ठेवलास की फोन! अगं, घराला आग लागली म्हणून सांगायचं आणि दार लावून घ्यायचं, असं कुणी करतं का? मी इथं सोलापुरात पिठाची परात घेऊन उभी, आणि तू तिकडं नातेपुत्यात फोन बंद करून बसलीस.

घाबरू नको, लता हे तुझं खरं नाव नाही हे मला ठाऊक आहे. मुद्दाम दुसरं लिहिलंय. तुझ्यासारख्या गोळीची पट्टी डाळीच्या डब्यात लपवून ठेवणाऱ्या बायका गावोगाव असतील, त्यांनीपण वाचावं म्हणून लिहितेय. शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले ती माझ्या पोराच्या पुस्तकावरनं, भाकरी भाजता भाजता. त्यामुळं बोलते तसंच लिहिणार. शुद्धलेखन बघू नको, मुद्दा बघ.

मुद्दा असा, की तुला जे होतंय ते मला झालंय. आणि मी बसलेय इथं.

हात थांबले तेव्हा

तुला माहीत आहे, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कडक भाकरी करते. ज्वारीचं पीठ, गरम पाणी, आणि कागदासारखी पातळ थापलेली भाकरी. तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर धीर धरून सुकवायची, मग उन्हात. पापडासारखी झाली पाहिजे. नीट झालेली भाकरी दोन्ही हातांत धरून मोडली की कट्ट वाजते. शेंगाची चटणी आणि दही असलं की दुसरं काही लागत नाही. पोरं नोकरीला पुण्याला निघाली की आया त्यांच्या पिशवीत माझ्या भाकऱ्या भरतात. आमच्या गल्लीत सकाळ होते ती माझ्या थापण्याच्या आवाजानं.

तर एका दसऱ्यानंतर माझे हात थांबले. दुखत नव्हते, सुजले नव्हते. पीठ पुढ्यात, पाणी पुढ्यात, आणि हात मांडीवर. उचलावेसेच वाटेनात. रडू येत होतं म्हणशील तर तेही नाही. जेवण मातीसारखं लागायचं. कुणी आलं की आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी! जिची बडबड ऐकून भाजीवाला गाडी पुढं ढकलतो, ती मी दिवसच्या दिवस गप्प.

लोक कारण विचारायचे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा संजय चादरीच्या कारखान्यात चांगल्या कामावर, सून रेखा गुणाची. मग बाईला झालं काय? मलाही सांगता येईना. पायाला ठेच लागली तर दगड दाखवता येतो. इथं दगडच सापडत नव्हता. आणि दगड सापडत नाही म्हणून लोक समजतात की ठेचच लागली नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं बरोबर निघालं. ते म्हणाले, "आजी, मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." घरी आल्यावर संजय म्हणाला, "आये, तू काय येडी हायस व्हय?" रेखानं चहाचा कप त्याच्यापुढं असा आदळला, की अर्धा चहा बशीत सांडला.

ते बाकडं

मनाच्या डॉक्टरांकडं पहिल्या दिवशी जायचं म्हणजे काय असतं, ते तुला आता कळलं असेल. डोक्यावरनं पदर घेतला, तो नाकापर्यंत ओढला. रेखाचा हात धरून देवाला म्हणत होते, ओळखीचं कुणी भेटू नको. बाकड्यावर बसले. शेजारी एक बाई, तीपण पदर ओढून, भिंतीकडं तोंड करून बसलेली. बराच वेळ दोघी भिंत बघतोय. मग तिला ठसका लागला आणि पदर सरकला. बघते तर मंडईतली माझी मेथीवाली!

"अगं बया, मावशी? तुमी पन?"

"व्हय. आणि तू?"

"मी तर लई दिवसांपास्नं येतीय की."

"आणि मला रोज जुडी देताना कधी बोलली न्हाईस?"

"तुमी विचारलं व्हतं व्हय? तुमी मेथी कोवळी हाय का एवढंच विचारता!"

लता, कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला हसू आलं, ते त्या बाकड्यावर. रेखा तर तोंडात पदर कोंबून हसत होती. त्या दिवशी मला एवढं कळलं, की हा आजार भाजी विकतो, भाकरी थापतो, बाजारातनं रोज आपल्या समोरनं जातो. आपण फक्त मेथी कोवळी आहे का एवढंच विचारतो.

डॉक्टरीण बाई तरुण. माझ्या रेखाएवढीच असेल म्हण. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. म्हणाली, "आजी, याला डिप्रेशन म्हणतात. आजार आहे, औषध आहे." गोळी लिहून दिली. म्हणाली, गुण यायला काही आठवडे लागतील, धीर धरा. आणि हेही म्हणाली, "सुरुवातीला काही वेगळं वाटलं, बेचैनी वाढली, चिडचिड झाली, मनात भलतेसलते विचार आले, तर थांबू नका. लगेच मला कळवा."

मी मान हलवली. पण खरं सांगू? वेगळं म्हणजे मला वाटलं उलट्या, चक्कर, अंगावर पुरळ. गोळीनं पोट बिघडतं हे आपल्याला ठाऊक. गोळीनं मनच उलटं होऊ शकतं, हे डोक्यात शिरलंच नाही.

गोळी लागू पडली!

गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत मी उठले. नुसती उठले नाही, सगळ्यांच्या आधी उठले. पीठ चाळलं, चूल पेटवली, आणि थापायला बसले ते दुपार होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रेखाच्या हातातलं काम ओढून घेतलं. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

घरात आनंदीआनंद! भिंतीपलीकडं पद्मक्का राहते, विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, पण मराठीत भांडायला आमच्या पुढं. ती धावत आली. "अय्यो शकूअक्का, तुमच्या थापायचा आवाज आला की! मी आमच्या मालकाला बोललं, मशीन बंद करा जरा, ऐका, अक्का बरी झाली! मी नारळ फोडते देवाला." आणि खरंच फोडला. खोबरं आणून माझ्या तोंडात घातलं.

संजयचं तर विचारू नको. संक्रांत जवळ आली होती, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर, सोलापुरात घरोघर पाहुणे. पोरगं भाकरीची मागणी घेऊन घेऊन यायचं. "आये, आजून जमतील न्हवं?" मी म्हणायचे, "आण की!"

आता नीट ऐक. आपल्या घरांत आजाराचं माप काय? झोपलेली बाई आजारी, उठलेली बाई बरी. हात चालतात ना, मग झालं. ताप बघायला काचेची नळी असते, तसा आमच्या गल्लीत माझी तब्येत बघायला थापण्याचा आवाज. तो आला, म्हणजे शकू बरी. कुणी वाईट नव्हतं गं. सगळे मायेनं चुकले. माझी माणसं तीच चूक करणार होती, कारण मीपण आयुष्यभर दुसऱ्या बायकांना त्याच मापानं मोजलंय.

आता आतलं सांगते.

आत मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. पायांत, पोटात, छातीत. बसले की कुणीतरी आतनं ढकलायचं, ऊठ, ऊठ. चहा मी उभ्यानं, फिरत फिरत प्यायचे. थापत होते ती कामाची ओढ नव्हती, हात गप्प राहीनात म्हणून थापत होते. उदासीनं मला दगडासारखं पाडून ठेवलं होतं. यानं पायाखाली निखारे टाकल्यासारखं केलं. दगड बरा म्हणायची पाळी.

आणि भीती! संजयला कारखान्यातनं यायला जरा उशीर झाला, की माझ्या मनात तो मेलेलाच. नातीनं वाटी खाली ठेवली त्याचा आवाज झाला, तर वाटायचं उचलून फेकून द्यावी. एकदा रेखाला असं टाकून बोलले, की ती माउली पाठ फिरवून कांदा चिरायला बसली. स्वयंपाक केव्हाच झाला होता, तरी, डोळ्यांतलं पाणी लपवायला.

आणि एक दिवस, भाकरी उलथता उलथता, मनात आलं की आपण नसलेलं बरं. कुणी कानात बोललं नाही. माझाच आवाज होता, अगदी साधा, मीठ संपलंय म्हणावं तसा. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग सांगितलं का नाहीस, असं तू विचारशील. कुणाला सांगू? पद्मक्कानं नारळ फोडलेला. पोरगं इतक्या दिवसांनी शीळ घालत आंघोळ करत होतं. त्यांच्या हातातला आनंद हिसकून घ्यायचा माझ्यानं धीर होईना. तूपण फोन ठेवलास तो यासाठीच ना? मला सगळं कळतं.

भाकरी वाकली

मी गप्प राहिले, पण माझी भाकरी बोलली.

स्टेशनाकडं एक खानावळ आहे, तिथली मालकीण माझं जुनं गिऱ्हाईक. भोगीच्या दिवशी सकाळीच ती स्वतः आली. भोगी म्हणजे संक्रांतीच्या आदला दिवस, घरोघर बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. आमच्याकडंपण तव्यावर तीच चालली होती. तिनं भाकरीचं पुडकं कट्ट्यावर ठेवलं.

"शकूताई, राग मानू नका. पण ह्ये तुमच्या हातचं न्हाय. कुनाकडनं करून घेता का?"

मी तरातरा पुढं गेले. "माझ्याच हातचं हाय! तुलाच ठेवायचं कळंना! कुटं ठेवलंस, मोरीत?"

ती बिचारी मागं सरकली. रेखा पुढं झाली. पुडकं सोडलं, मधली एक भाकरी काढली, आणि दोन्ही हातांत धरून मोडली. कट्ट नाही वाजलं. भाकरी वाकली. आतल्या पदरात हिरवट बुरशी.

रेखानं आधी भाकरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. खानावळवालीला म्हणाली, "ताई, दुसऱ्या देतो करून. तुमी जावा आता." ती गेली.

"आत्या," रेखा म्हणाली, ती मला आत्या म्हणते, "तुमीच शिकीवलंय मला. आच मोठी केली की भाकरी वरनं कडक व्हती आन आत वल ऱ्हाती. मी घाई केली की तुमी माज्या हातावर उलथणं मारायचा. मग तुमीच का मोठ्या आचंवर भाजालाय?"

"दम निघंना."

"का निघंना?"

"काय माहीत! सोड ती भाकरी."

"आत्या, हितं बसा. माज्याजवळ. जरा घटकाभर बसून दाखवा मला."

मी बसले. आणि लगेच उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसताना माझे गुडघे थडथड उडत होते, ते तिनं दोन्ही हातांनी धरले. आणि मग फुटलेच मी. "रेखा, मला बसवंना गं! मला हितं माज्याच अंगात ऱ्हावंना!" तव्यावर भोगीची भाकरी करपून कोळसा झाली. कुणी उतरवली नाही.

सोडून दे की!

आवाज ऐकून पद्मक्का आली. सगळं ऐकलं. तिचा निकाल जागच्या जागी तयार. "गोळीची उष्णता आहे ही! आजपासून बंद. सगळं फेका. सब्जा भिजवते, धन्याचं पाणी देते. चार दिवसांत थंड होते बघा."

संजय आंघोळ करून आला. त्याला काहीच समजेना. "आगं पन ती बरी झालीया की! एवढं काम करतीया. आन तरास व्हत आसंल तर गोळ्या बंद कर. बरी झालीस, आता गोळी कशाला?"

गंमत बघ लता. एक म्हणतो बरी झालीस म्हणून सोड, दुसरी म्हणते बिघडलीस म्हणून सोड. सोडायचं मात्र दोघांचं ठरलेलं. आणि सांगू? मलाही तेच हवं होतं. पट्टी उचलून उकिरड्यावर भिरकावायची, आणि ती डॉक्टरीणपण नको, ते बाकडंपण नको. वर मनात अशी भीती, की हे डॉक्टरणीला सांगितलं तर ती म्हणेल बाई पुरती बिघडली, दवाखान्यात ठेवून घ्या.

पण भाकरी अजून रेखाच्या हातात होती. ती वाकलेली भाकरी बघून माझं डोकं एका गोष्टीवर घट्ट बसलं. म्हटलं, माझी भाकरी बिघडली तर खानावळवाली गटारात टाकून गप्प बसली नाही. ज्या हातानं केली, त्या हाताकडं घेऊन आली. म्हणून तर मला कळलं. मग गोळी ज्या हातानं दिली, तो हात सोडून मी उकिरड्याला का सांगू?

"फेकायचं आसंल तर ती म्हणू दे फेक म्हणून," मी म्हटलं. "आधी तिला दाखवायचं. आत्ता."

"आये, आज भोगी हाय. संक्रांत झाल्यावर जाऊ."

"भोगी मी वर्सावर्साला जेवलेय. रेखा, फोन लाव."

फोनवर दवाखान्यातल्या पोरीनं दोन प्रश्न विचारले आणि म्हणाली, आजच या. पद्मक्का रागावली, "माझा सब्जा नको तर नको!" पण आम्ही रिक्षात बसलो तेव्हा घराची किल्ली तिनंच मागून घेतली. म्हणाली, "करपलेला तवा मी घासते. जावा."

तिनं सरळ विचारलं

या खेपेला मी पदर ओढला नाही. ओढायला हात थांबत कुठं होते! बाकड्यावर बसलेच नाही, त्या अरुंद जागेत येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरणीनं दारातनं पाहिलं, आणि नंबर यायच्या आधीच आत घेतलं.

"आजी, असं चालणं कधीपासून?"

रेखानं सांगितलं, गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांनी. डॉक्टरणीनं विचारलं, याआधी आयुष्यात कधी असं झालंय का, झोप नको, लई उत्साह, लई बडबड?

संजय म्हणाला, "बडबड तर जन्मापास्नंच हाय."

मी त्या तशा हालतीतपण त्याच्याकडं वटारून बघितलं. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, "हे डोळे वटारणं चांगलं लक्षण आहे." मग तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडं वळली आणि सरळ विचारलं, "आजी, मरून जावं, आपण नसावं, असं मनात येतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. पोरगा समोर, सून शेजारी. पण ती वाकलेली भाकरी डोळ्यांपुढं आली. आता इथंही वरनं कडक राहिले, तर ही बिचारी आतलं कशी बघणार? तिच्याकडं काय मोडून बघायची सोय आहे?

"येतं," मी म्हटलं.

संजयनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलताना दिसले. रेखानं माझा हात धरला, इतका घट्ट, की बांगडी रुतली. कुणी मला वेडी म्हटलं नाही. छत पडलं नाही. आणि तो आवाज, तो मीठ संपल्याचं सांगणारा, चारचौघांत बोलून दाखवल्यावर एकदम लहान झाला. गेला नाही. लहान झाला.

डॉक्टरीण म्हणाली, काही जणांना या गोळ्या सुरू करताना, किंवा कमीजास्त करताना, असं होतं. सगळ्यांना नाही. तुमचा दोष नाही, तुम्ही कमजोर नाही. पण हे अंगावर काढायचं नसतं, आणि मनानं एकदम बंदही करायचं नसतं, त्यानं दुसरे त्रास होतात. ती गोळी तिनं तिच्या हिशोबानं उतरवत आणली, मग दुसरी सुरू केली. बेचैनी निवायला थोडे दिवस आणखी एक दिली. घरच्यांना सांगितलं, गोळ्या सुनेच्या ताब्यात ठेवा, आजींना एकटं सोडू नका, आणि ते विचार जोर करायला लागले तर माझी वाट बघू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

निघताना मी भीत भीत विचारलं, "मला ठेवून घेणार न्हाय न्हवं?"

"आज गरज नाही," ती म्हणाली. "आणि लागली असती तरी ती शिक्षा नसती, आजी. तुम्ही सांगितलंत, हे फार मोठं काम केलंत."

रिक्षात संजय माझ्या शेजारी बसला. सिद्धेश्वराच्या तळ्यावरनं जाताना म्हणाला, "आये, मला वाटलं तू खूश हायस."

"मलाबी तसंच दिसायचं व्हतं," मी म्हटलं.

आत कसंय?

लगेच सगळं छान झालं असं लिहिणार नाही. तुला खोटं सांगून काय मिळणार? मधले काही दिवस फार वाईट गेले. मुंग्या हळूहळू कमी झाल्या, तर उदासी पुन्हा येऊन पायथ्याशी बसली. नवी गोळी आपली निवांत, बैलगाडीच्या चालीनं. मला दहादा वाटलं, पुरे. दहादा रेखानं पाण्याचा तांब्या आणि गोळी पुढं केली. एकदा मी तिला म्हटलं, "तू माजी सासू हायस का सून?" ती म्हणाली, "ज्ये पायजे त्ये समजा, पन गिळा आधी."

घरात नियम झाला. मला कुणी "बरं हाय न्हवं?" असं विचारायचं नाही. त्याला दुसरं उत्तरच नसतं, माणूस व्हय म्हणून मोकळा होतो. रेखा संध्याकाळी दिवा लावला की विचारायची, "आत्या, आत कसंय?" आणि मी आतलं सांगायचं. कधी म्हणायचे मुंग्या, कधी दगड, कधी कायच न्हाय. ती नुसती ऐकायची. संजयपण शिकला. कारखान्यातनं निघाला की फोन करायला लागला, म्हणजे माझं मन त्याला मारून टाकायचं थांबलं.

पद्मक्कानं सब्जा आणायचं सोडलं नाही. डॉक्टरणीला विचारून घेतलं, चालतंय म्हणाली, मग पीत होते. दुपारी ती येऊन गच्चीवर माझ्याजवळ उन्हात बसायची. तिचं तोंड बंद असणं हीच केवढी मोठी गोष्ट! एकदा मात्र म्हणाली, "अक्का, आता आवाज आला तरी मी नारळ फोडणार नाही. आधी येऊन बघते, मग फोडते."

मग उन्हाळा लागताना एक दिवस मी थापायला बसले. मंद आचेवर, रमतगमत. थोड्याच केल्या आणि दमले. लता, दमले मी! खांदे भरून आले, हात आपणहून मांडीवर येऊन पडले, आणि मांडीवरच राहिले. कुणी आतनं ऊठ म्हणालं नाही. मी तशीच बसून राहिले, भिंतीला टेकून, डोळे भरून आले. दमणं इतकं गोड असतं हे मला या वयात कळलं. रेखानं परातीतली एक भाकरी उचलली, मोडली. कट्ट! तिनं अर्धी मला दिली, अर्धी तिनं खाल्ली.

गोळी माझी अजून चालू आहे. डॉक्टरीण सांगेल तेव्हा बंद होईल, मी ठरवणार नाही आणि पद्मक्कापण नाही. गोळीवर माझा राग नाही हे ध्यानात ठेव. दुसऱ्या गोळीनंच मी उभी राहिले. त्या मेथीवालीला तर पहिलीच मानवली. प्रत्येकाचं अंग वेगळं. म्हणून माझ्या गोळीचं नाव मी इथं लिहिलं नाही, आणि तू फोनवर विचारलंस तरी सांगणार नाही.

आता तुझं

उद्या सकाळी, म्हशीची धार काढून झाली की, आधी तुझ्या डॉक्टरला फोन लाव. जे मला म्हणालीस तेच त्याला म्हण. लईच बेचैन होतंय. आणि त्यापुढचं जे मला म्हणाली नाहीस, तेपण. त्यानं विचारलं नाही तरी तू सांग. तोवर गोळी मनानं फेकू नको, मनानं वाढवूही नको. मग जावईबापूंना समोर बसव आणि सांग. त्यांना कळणार नाही असं म्हणू नको, माझ्या संजयला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. आणि मन फारच काळं झालं, तर उद्याची वाट बघू नको. आत्ता उठून शेजारणीकडं जा, दवाखान्यात चला म्हण. लाजायचं नाही. माझ्या वयाची बाई लाजली नाही, तू कशाला लाजतेस?

तू तिकडं दोन माणसांची कामं उरकतेस, आणि सासू गावभर सांगते माझी सून बरी झाली. मला ठाऊक आहे. त्या कामाला मी फसणार नाही.

डॉक्टरला दाखवून झालं आणि त्यानं प्रवासाला होकार दिला, की पोराला किंवा जावयांना बरोबर घे आणि ये. एकटी येऊ नको. नातेपुत्याहून येणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा धर, स्टँडवर संजय उभा राहील. येताना काही आणायचं नाही, चिक्कूपण नको. इथं तुला काम सांगणार नाही, परातीला हातही लावू देणार नाही. सकाळच्या भाकऱ्या गच्चीवर वाळत घातल्यात, त्यांच्याजवळ उन्हात माझ्या शेजारी नुसतं बसायचं. बसवलं नाही तर उठायचं, फिरायचं, पुन्हा येऊन बसायचं. मी मोजणार नाही. दिवा लागला की रेखा दोघींनाही विचारेल, आत कसंय, आणि दोघींनी खरं सांगायचं.

ये गं पोरी. लवकर ये. तुझ्यासाठी चटई आत्ताच घालून ठेवते.